थिअरीचा तास, उभ्याने

त्या शनिवारी सकाळी वारज्याच्या हॉलमध्ये आमची नाट्यकार्यशाळा चालू होती. नव्या मुलांना एक साधा प्रसंग दिला होता. दोघं समोरासमोर, एकाला खोलीबाहेर जायचंय, दुसऱ्याला त्याला जाऊ द्यायचं नाही, आणि कारण मात्र कुणीच तोंडाने सांगायचं नाही. तेवढ्यात खिडकीत ठेवलेला माझा फोन वाजला. आमच्या गुरू शालूताईंच्या यजमानांचा, दिनकररावांचा. "गेली," एवढंच ते म्हणाले. ताई दिवाळीपासून अंथरुणावर होत्या, डॉक्टरांनी आशा सोडलेली होती, सगळं ठाऊक होतं. मी म्हटलं, "अहो, मी तास थांबवते. निघालेच." बँकेत जन्म काढलेल्या आपल्या संथ आवाजात ते म्हणाले, "थांबवू नका. तिला आवडायचं नाही. संपवून या." मी फोन ठेवला, मुलांकडे वळले आणि म्हटलं, "पुन्हा सुरुवातीपासून." तास संपवला, मगच रिक्षात बसले.

आता काही आठवडे उलटलेत. शालूताईंवर लिहायचं म्हणजे हळहळत लिहायचं, असं मला वाटत नाही. ज्या बाईने हाती घेतलेलं काम आपल्या डोळ्यांदेखत पूर्ण झालेलं पाहिलं, तिच्याबद्दल ताठ मानेनेच लिहायला हवं. त्यांचं काम काय होतं, तर नाटकाची थिअरी शिकवणं. ऐकायला अगदी रुक्ष. आमच्या नाट्यपदविकेच्या संध्याकाळच्या वर्गात थिअरीच्या पेपराला सगळे 'झोपेचा पेपर' म्हणत. आधीचे सर पिवळ्या पडलेल्या कागदांवरून मजकूर सांगत आणि आम्ही पाठ करत असू. मी पेठेत वाढलेली, पाठांतरात पटाईत. नव्वदीची सुरुवात होती. घराघरात केबल येत होती, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे पिवळे बूथ उघडत होते, आणि आम्ही ट्यूबलाइटखाली बसून व्याख्या घोकत होतो.

सर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी तासिका तत्त्वावर शालूताई आल्या. ठेंगण्या, सुती साडी, खांद्याला शबनम. आल्या त्या टेबलामागे गेल्याच नाहीत. "चौथी भिंत म्हणजे काय, कोण सांगतं?" मी हात वर केला आणि अख्खा परिच्छेद धाडधाड म्हणून दाखवला. खोलीला तीन भिंती, प्रेक्षकांच्या बाजूची चौथी भिंत काल्पनिक, नट ती खरी मानून वावरतो वगैरे. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "छान. आता बांध."

"काय?"

"भिंत. आत्ताच तर म्हणालीस, असते म्हणून."

सगळे हसले. त्यांनी बाकं मागे सरकवायला लावली. आम्हा चौघांना चहा पिणारं कुटुंब केलं आणि उरलेल्यांना सांगितलं की यांना वाटेल तसा त्रास द्या. कुणी खोटं खोटं शिंकलं, कुणी "चहात साखर नाही वाटतं" म्हणालं. आनंद नावाचा इंजिनिअरिंगचा मुलगा होता, तो तर माझ्या नाकासमोर येऊन घोरायला लागला. मी घाम पुसत पुसत कपातला नसलेला चहा प्यायले, आणि पाच-दहा मिनिटांनी खरंच ती माणसं दिसेनाशी झाली. मग ताई माझ्या कानाशी येऊन पुटपुटल्या, "आता त्यांच्यातल्या एकाकडे सरळ बघ. हसू नकोस." मी आनंदकडे बघितलं. त्याचं घोरणं थांबलं. अख्खा वर्ग गप्प झाला. "आत्ता जी पडली ना," ताई म्हणाल्या, "तीच भिंत. पेपरात काय लिहायचं ते तुमचं तुम्ही बघा." त्या दिवसापासून आमचा थिअरीचा तास उभ्याने होऊ लागला.

एकदा त्यांनी आम्हाला स्वारगेटच्या स्टँडवर नेलं. प्रत्येकाने एक माणूस निवडायचा, त्याला या क्षणी काय हवंय ते ओळखायचं आणि परत येऊन तो माणूस करून दाखवायचा. मी एक म्हातारी निवडली. गाठोडं मांडीशी धरून ती प्रत्येक येणाऱ्याकडे व्याकूळ होऊन बघत होती. मी लगेच मनात गोष्ट रचली. मुलगा शहरात हरवलाय, ती रोज इथे येऊन वाट बघते… माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. ताईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मग जा की, विचार तिला." मी गेले, वाकून विचारलं. म्हातारी म्हणाली, "पोरी, एवढं गाठोडं धरतीस का? कवाधरनं बाथरूमला जायचंय, कुणी भरवशाचं दिसंना." मी गाठोडं धरून उभी, आणि खांबाला टेकून शालूताई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसतायत, हे चित्र माझ्यासमोरून जात नाही. परतताना मात्र गंभीरपणे म्हणाल्या, "तिला काय हवंय ते आधी शोध. तिचं दुःख तू तुझ्या पदरचं देऊ नकोस." अभिनयाबद्दल पुढे मी बरंच वाचलं. पण त्या गाठोड्याइतकं वजन कशातच नव्हतं.

हे सगळं त्यांच्याकडे आलं कुठून? एकदा मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "आमच्या दादांकडून." दादा म्हणजे त्यांचे वडील. छप्पन साली धम्मदीक्षा घेतलेले, कारखान्यात कामगार, आणि सुट्टीच्या दिवशी वस्तीतल्या आंबेडकरी जलशात उभे राहून गाणारे. जलशात समोरची माणसं मुकाट बसत नसत. मध्येच उठून सवाल टाकत, दादा ओळ तिथेच वळवून उत्तर देत. शालूताई लहानपणी पहिल्या रांगेत सतरंजीवर बसून ते बघायच्या. एमएला असताना एका इंग्रजी पुस्तकात त्यांनी वाचलं की प्रेक्षकाला खुर्चीतून उठवून नाटकात घेतलं पाहिजे, हा रंगभूमीतला क्रांतिकारक विचार आहे. "मला इतकं हसू आलं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, दादांना सांगितलं पाहिजे, तुम्ही क्रांती करत होतात, आम्ही आपले झोप अनावर झाली म्हणून घरी जायचो." पण त्या हसण्याखाली एक हट्ट होता. पुस्तकात जे लिहिलंय ते आपल्या माणसांत उभं राहतं का, हे त्यांना स्वतः करून बघायचं होतं.

मग दिवस फिरले. जो तो संगणकाच्या क्लासला निघाला. संध्याकाळी नाटक शिकायला येणाऱ्यांची संख्या रोडावत गेली आणि एका वर्षी संस्थेने पदविकाच बंद केली. आनंद प्रोग्रामर झाला, मी सॉफ्टवेअर टेस्टिंग शिकून हिंजवडीत नोकरीला लागले. सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी तीच बस. ताईंचा तास गेला, वर्ग गेला. आम्हाला वाटलं, आता त्या थांबतील. त्यांनी वारज्यात आपल्या घराजवळच्या बुद्धविहाराला लागून असलेला हॉल शनिवार सकाळसाठी मागून घेतला आणि दारावर हाताने पाटी लिहिली : नाटकाची कार्यशाळा. पहिल्याच शनिवारी गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घातलेला एक तरुण डोकावला. "मॅडम, इथे कम्युनिकेशन स्किल्स शिकवतात का?" ताई म्हणाल्या, "नाही. इथे गप्प बसायला शिकवतात." तो आत आला आणि पुढे अनेक वर्षं येत राहिला. हळूहळू हॉल भरला. आयटीतली पोरं, शाळेतल्या बाई, एक निवृत्त कारकून, विहारात वंदनेला येणाऱ्या दोघी-तिघी जणी. आनंद आणि मी तर होतोच.

अशा वेळी ताईंनी तो जुना हट्ट बाहेर काढला. प्रेक्षकाला उठवायचं. आम्ही शहरातल्या एका छोट्या नाट्यगृहात प्रयोग लावला. सोसायटीतल्या पार्किंगच्या भांडणावर छोटं नाटक, आणि ऐन भांडणात थांबून प्रेक्षकांना विचारायचं, "तुम्ही असतात तर काय केलं असतंत? या, करून दाखवा." आम्ही थांबलो. विचारलं. सभागृह ढिम्म. शेवटी तिसऱ्या रांगेतले एक आजोबा चष्मा पुसत म्हणाले, "अहो, आम्ही बसायचं तिकीट काढलंय, उठायचं नाही." हशा झाला, टाळ्या पडल्या, आणि प्रयोग तिथेच संपला. आम्ही मेकअप पुसताना तोंड लपवत होतो. ताई मात्र वारज्यापर्यंत ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून हसत राहिल्या. हॉलमध्ये आल्यावर म्हणाल्या, "त्यांचं काही चुकलं नाही. आपण विचारलेला प्रश्न त्यांच्या गळ्याशी आलेलाच नव्हता. कुणाचा काय प्रश्न गळ्याशी आलाय, ते आधी बघायला हवं."

तो प्रश्न मला रोज बसच्या खिडकीतून दिसत होता, पण कळत नव्हता. हिंजवडीत काचेच्या इमारती उठत होत्या आणि मधूनमधून जुनं गाव उरलं होतं. तिथे कांताबाईंची खानावळ होती. पत्र्याखाली दोन बाकडी, आणि आम्ही बाहेरगावच्या मुलामुलींसोबत तिथे जेवायचो. कांताबाई त्याच गावची लेक. नवरा गेल्यावर पदरातल्या लेकीला घेऊन परत आलेली. एकदा भाकरी वाढता वाढता ती म्हणाली, "भावानं साडी आनलीया. म्हंजे सही पायजे." मी विचारलं, कसली सही? तिने समजावलं. जमिनीला भाव आला होता, कायद्याने लेकीचाही हिस्सा होता, आणि म्हणून गावोगावचे भाऊ बहिणींना साडीचोळी करून हक्क सोडल्याच्या कागदावर सही घेत होते. दिली तर माहेर राहतं, नाही दिली तर तुटतं. "मग तुम्ही काय करणार?" कांताबाई म्हणाली, "काय करनार! माहेर पायजे की नगं?"

मी हे शनिवारी ताईंना सांगितलं. त्यांनी शबनम खांद्याला लावली. मग म्हणाल्या, "चल. गावात जाऊ."

काही शनिवार आमची कार्यशाळा कांताबाईंच्या पत्र्याखाली भरली. ताईंनी आम्हाला सक्त सांगितलं होतं, उपदेश करायचा नाही, फक्त ऐकायचं. बायका भाकऱ्या थापत बोलत गेल्या, त्यातून आम्ही छोटा प्रसंग बांधला. भाऊ साडी आणि पेढे घेऊन येतो, बहीण आनंदते, गप्पा होतात, भाऊ कागद पुढे करतो, बहीण सही करते. संपलं. बहीण मी, भाऊ आनंद. प्रयोग गावातल्याच शाळेच्या पटांगणात, रविवारी दुपारनंतर. एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला टोप्या आणि मोटरसायकली. गावातल्या काही लोकांनी आदल्या दिवशीच सुनावलं होतं की बाहेरच्यांनी येऊन घरं फोडू नयेत. ताईंना विचारलं, "गडबड झाली तर?" त्या म्हणाल्या, "तर मी पुढे उभी राहीन. तुम्ही नीट काम करा."

मी सही केली. आनंदने कागदाची घडी खिशात घातली. ताई पुढे आल्या आणि साध्या आवाजात म्हणाल्या, "हिने सही केली. हिच्या जागी तुम्ही असतात तर? सांगू नका. इथे या, बसा, करून दाखवा."

कुणी हललं नाही. एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "आमच्यात असलं काय नसतं हो." ताईंनी मान हलवली आणि तशाच उभ्या राहिल्या. मला ते नाट्यगृह आठवलं, तिसरी रांग आठवली. वाटलं, आता काहीतरी बोलून हे निभावून न्यावं. पण ताई बोलेनात. त्या शांततेला त्यांनी हातही लावला नाही… आणि मग बायकांमधून कांताबाई उठली. पदर खोचत सरळ माझ्यापाशी आली. "व्हा बाजूला."

ती माझ्या जागी बसली. आनंदने पुन्हा सुरू केलं, "ताई, ही बघ तुला साडी आणलीये." कांताबाईने साडीवरून हात फिरवला. "ग्वाड हाय रंग." मग कागद पुढे आला. ती कागदाकडे बघत राहिली. "ही सही न्हाई केली तर तू येनार न्हाईस व्हय?" आनंद गडबडला, पण सावरून म्हणाला, "माहेर तुटेल ताई." कांताबाई म्हणाली, "सहीवर टिकतं ते माहेर न्हवं, ती कचेरी झाली. मला माहेर पायजे. कचेरीत मी कशाला येऊ?"

बायकांमध्ये एकदम कल्ला झाला. आणि त्याच वेळी मागून आवाज आला, "कांते, घरी चल." तिचा खरा भाऊ उभा राहिला होता. चेहरा लालबुंद. मोटरसायकलींजवळचे चार-पाच जण त्याच्याबरोबर पुढे सरकले. कांताबाईने बसल्या जागेवरूनच त्याच्याकडे बघितलं. "नाटक चालू हाय दादा. तुला बोलायचं असंल तर हितं ये. सगळ्यांनी हितंच येऊन बोलायचं हाय."

तो आला. कसा आला, का आला, त्याला तरी सांगता येईल का कोण जाणे. ताईंनी आनंदला डोळ्याने खुणावलं, तो उठला, आणि सख्खे बहीणभाऊ त्या दोन खुर्च्यांवर समोरासमोर बसले. आता हे नाटक राहिलं होतं का? मला माहीत नव्हतं. तो म्हणाला, "बापाचं आजारपण कुनी काढलं? मीच ना?" ती म्हणाली, "तूच काढलंस. तुझा वाटा कोन मागतंय? माझा सोड म्हनतोस, त्येवढंच विचारते, का?" त्याची मान खाली गेली. अजून एक वाक्य आणि तो माणूस सगळ्या गावासमोर मोडला असता. नेमक्या त्या क्षणी शालूताई दोघांच्या मध्ये आल्या. "इथवर नाटक," त्या म्हणाल्या. "पुढचं घरात बोला. दोघांनीही." मग भावाकडे वळून त्यांनी हात जोडले. "दादा, तुम्ही इथे आलात, बसलात. एवढं धाडस आमच्या शहरात कुणाला झालं नव्हतं." आधी बायकांनी टाळ्या वाजवल्या, मग मागच्या पुरुषांनीही. तो भाऊ मान वर करून पटांगणातून बाहेर गेला.

परतताना मी विचारलं, "ताई, तुम्ही थांबवलंत का? ती जिंकत होती." त्या म्हणाल्या, "जिंकली होतीच. त्याला हरवायचं नव्हतं. त्याला उद्या तिच्या दारात जायचंय."

कांताबाईने सही केली नाही. सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं. त्या वर्षी भाऊ भाऊबीजेला आला नाही, पुढच्या वर्षी आला. आज पत्र्याच्या जागी तिची दुमजली इमारत आहे. वर नोकरीसाठी आलेल्या मुली राहतात, खाली खानावळ आहे आणि हिशेब भाऊच बघतो. आम्ही तो प्रयोग आसपासच्या गावांत करत गेलो. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी उठलंच असं नाही. पण जिथे उठलं तिथे आम्ही मागे सरकून उभे राहायला शिकलो.

आणि मग, निवृत्तीचं वय जवळ आलेलं असताना, एका विद्यापीठाच्या नाट्यविभागाने शालूताईंना थिअरी शिकवायला बोलावलं. त्यांनी एकच अट घातली, थिअरीच्या पेपरात निम्मे गुण करून दाखवण्याला हवेत. बैठकांवर बैठका झाल्या. कुणीतरी विचारलं, करून दाखवलेलं तपासणार कसं? ताई म्हणाल्या, "बघून." अट मान्य झाली. पहिल्या बॅचच्या परीक्षेच्या दिवशी त्या मला फोनवर म्हणाल्या, "माधवी, अगं, पोरं परीक्षेच्या हॉलमध्ये भिंत बांधतायत!" इतक्या आनंदाने ओरडलेल्या शालूताई मी आधी कधी ऐकल्या नव्हत्या.

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या स्मरणसभेला वारज्याचा हॉल भरून बाहेर रस्त्यापर्यंत माणसं होती. वंदना झाली. मग एकेक जण बोलायला उठला. विभागप्रमुख बोलले, आनंद बोलला, मी बोलले. चांगलंच बोललो सगळे, पण त्या बोलण्यात ताई काही दिसेनात. शेवटी कुणीतरी कांताबाईंचं नाव घेतलं. ती पुढे आली, माइककडे बघितलं आणि तो बाजूला सारला. "मला भाषान येत न्हाई. ताई कशा बसायच्या त्येवढं करून दावते."

तिने एक खुर्ची ओढली. टोकाशी, पडू की काय अशी पुढे सरकून बसली. चष्मा कपाळावर चढवला, हनुवटी तळहातात टेकवली, डाव्या पायाची चप्पल काढून त्याचा अंगठा दुसऱ्या पावलावर ठेवला. आणि समोर बघत राहिली, जणू समोरचा माणूस आता जे करणार आहे तसं जगात अजून कुणी केलेलंच नाही. हॉलभर हशा उसळला. शालूताई! अगदी अशाच बसायच्या आमच्याकडे बघत, वर्षानुवर्षं, प्रत्येक शनिवारी. हसता हसता माणसं डोळे पुसत होती, शेजारच्याला कोपराने ढोसून दाखवत होती. दिनकररावही हसले. त्या दिवसांत पहिल्यांदाच.

हशा ओसरला तशी कांताबाईने चष्मा खाली घेतला आणि उठायला हात टेकले. पहिल्या रांगेतून दिनकररावांचा आवाज आला, अगदी हळू.

"कांताबाई… बसा. अजून थोडा वेळ."

तिने चष्मा पुन्हा वर चढवला, आणि बसून राहिली.